गिरणगावची कोरडी शिदोरी

प्रवासाला नेलेले खाणे किती तास टिकेल हे सर्वांत आधी त्यातल्या ओलाव्यावर ठरते. ते शरीराला किती उपयोगी पडेल हा प्रश्न त्यानंतरचा. सहाव्या तासाला आंबलेली उसळ कितीही पौष्टिक असली तरी टाकूनच द्यावी लागते. मुंबईतल्या लोअर परळ, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी या गिरणगाव म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्याला हा हिशेब फार जुना आहे. येथील कापडगिरण्यांत काम करणाऱ्यांपैकी बरेचसे कामगार कोकणातून आणि घाटावरच्या सातारा-कोल्हापूरकडून आलेले. गणपती, शिमगा आणि मे महिना आला की गावी जायचे, हा त्यांच्या वर्षाचा ठरलेला क्रम. आधी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी होत्या, मग परळ आणि मुंबई सेंट्रलहून निघणारी एसटीची लाल गाडी आली, आणि १९९८मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाल्यावर कोकण रेल्वे. साधने बदलली, तरी रात्रभराच्या प्रवासाला पुरेल असे खाणे पिशवीत बांधून घ्यायची रीत सुटली नाही.

गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तिथे काम करणारे तरुण शुक्रवारी रात्री दादरहून बस धरतात किंवा कर्जत-कसाऱ्याची शेवटची लोकल पकडतात, आणि रविवारी रात्री परततात. मधला वेळ हरिश्चंद्रगडावर, राजमाचीवर किंवा पवना धरणाच्या काठी तंबूत जातो. गणपतीला कणकवलीकडे निघालेले कुटुंब आणि भंडारदऱ्याला काजवे पाहायला निघालेला मित्रांचा गट यांच्यापुढचा प्रश्न एकच असतो. दहा ते छत्तीस तास, फ्रीज नाही, हवा उष्ण किंवा दमट, आणि वाटेत काय मिळेल याचा भरवसा नाही. गिरणगावच्या घरांनी या प्रश्नाची बरीचशी उत्तरे आधीच शोधून ठेवली आहेत, आणि ती आजच्या अन्नशास्त्राशी जुळतात.

अन्नातले सगळेच पाणी जंतूंना वापरता येत नाही. मीठ, साखर किंवा गूळ यांनी धरून ठेवलेले पाणी त्यांच्या कामाचे नसते. मोकळे पाणी मात्र असते. या मोकळ्या पाण्याचे प्रमाण ० ते १ अशा अंकात मोजतात आणि शुद्ध पाण्याचा अंक १ धरतात. हा अंक ०.९१च्या खाली उतरला की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. हातावरून किंवा नाकातून अन्नात येणारा आणि काही तासांत उलट्या घडवणारा स्टॅफिलोकॉकस जास्त चिवट. तो सुमारे ०.८६पर्यंत तग धरतो. ०.६०च्या खाली बुरशीसुद्धा वाढू शकत नाही. फुटाणे, कुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याची वडी हे पदार्थ त्या कोरड्या टोकाकडचे. पोळी, पुरी, थालीपीठ मधले. भात, उसळ, बटाट्याची रस्साभाजी आणि ओल्या नारळाची चटणी थेट ओल्या टोकाची.

ओल्या टोकाच्या अन्नाला तापमानाचीही भीती असते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले ओले अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावे, असा नियम अन्नसुरक्षेत सांगितला जातो. मुंबईची एप्रिल-मे महिन्यातली दुपार ३२च्या वरच असते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान तासाभरात ५० अंशांच्या पुढे जाते. भाताच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यात मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेले उलट्यांचे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळचा लिंबूभात संध्याकाळी तंबूत गरम करून खाणे म्हणूनच चुकीचे आहे, त्यावर लिंबू कितीही पिळलेले असो.

यावर कोणी म्हणेल की मुंबईत रोज लाखो डबे चार-पाच तासांनी उघडले जातात आणि कोणाला काही होत नाही. ते बरेचसे खरे आहे. पण कचेरीतल्या माणसाला पोट बिघडले तर घर, औषध आणि डॉक्टर हाताशी असतात. गडाच्या माथ्यावर रात्री अकरा वाजता किंवा कशेडी घाटात अडकलेल्या गाडीत यांपैकी काही नसते. रोजच्या डब्यात चालणारी सूट प्रवासाच्या डब्याला देऊ नये.

गिरणीच्या डब्याची कसोटी तर रोजच्या डब्याहूनही कठीण होती. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून विणाईखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. पहाटे घरातून निघालेला डबा त्या उष्ण, ओल्या हवेत तासन्‌तास थांबे. एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांसाठी हे डबे खाणावळी चालवणाऱ्या बायका करत. दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हवर वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या आणि त्यांच्याभोवतीच्या खाणावळी दोन्ही ओसरल्या. पण कोणती भाजी कोरडी करायची, कशात खोबरे घालायचे नाही, पोळी कधी झाकायची, हे ज्ञान त्या घरांमधून आजही शाबूत आहे. शिदोरीबद्दल काही लिहायचे तर त्याचे श्रेय या बायकांकडे जाते.

त्या ज्ञानातला पहिला पदार्थ दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, गोड हवी असेल तर त्यात गूळ विरघळवायचा, आणि तूप किंवा तेल लावून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट भाजायची. दुधातली आणि तुपा-तेलातली स्निग्धता पोळी मऊ ठेवते, गूळ पाणी धरून ठेवतो, आणि सावकाश भाजल्याने जास्तीची वाफ निघून जाते. थंडीच्या दिवसांत चांगली भाजलेली दशमी दोन दिवस आरामात राहते. पावसाळ्यात आणि मुंबईच्या उन्हाळ्यात मात्र ती एका दिवसात संपवलेली बरी. तिखटमिठाच्या पुऱ्यांचेही तसेच. पुरी तळलेली असल्याने टिकते, पण तेलामुळे घाटातल्या वळणांवर पोटात जड होते, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी ती टाळावी. भाजणीचे थालीपीठ पौष्टिकतेत या दोघांच्या पुढे आहे, कारण भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांच्याबरोबर हरभरा आणि उडीद असतात. धान्याच्या प्रथिनांत जे कमी पडते ते डाळी भरून काढतात. थालीपिठात कांदा घातला की त्याचे आयुष्य अर्धे होते. प्रवासासाठी कांद्याऐवजी तीळ, ओवा आणि सुके तिखट घालावे.

सर्वांत जास्त टिकणारी भाकरी सोलापूरकडची. तिथली कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि पूर्ण कोरडी असते, कोरड्या डब्यात कित्येक आठवडे राहते आणि शेंगांच्या चटणीबरोबर पूर्ण जेवण होते. पाच-सहा कडक भाकऱ्या आणि मूठभर चटणी एवढ्यावर एका माणसाची दिवसभराची पायपीट निघते, आणि पिशवीत वजनही जाणवत नाही. ट्रेकला जाणाऱ्यांनी ब्रेडच्या लाद्या नेण्यापेक्षा हा पर्याय कधीही चांगला. ब्रेड चेपतो, दमट हवेत तिसऱ्या दिवशी त्याला बुरशी येते, आणि मैद्याचा असल्याने भूक लवकर परत येते.

मग येतात लाडू आणि वड्या. लहान मुलांच्या जुन्या गोष्टींत वाटेवरचा माणूस तहानलाडू आणि भूकलाडू घेऊन निघतो. प्रत्यक्षातला भूकलाडू शेंगदाण्याचा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. वीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दहा ग्रॅम गूळ यांचा एक लाडू सुमारे १५० कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिने देतो. साठ किलो वजनाची व्यक्ती पाठीवर पिशवी घेऊन चढण चढते तेव्हा तासाला सुमारे ४०० कॅलरी खर्च होतात. त्यामुळे चढणीवर दर तासाला एक लाडू आणि मूठभर फुटाणे ही मात्रा बसते. एका जागी बसून आठ तास गाडीने जाणाऱ्याला मात्र तेवढे लाडू नकोत. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ट्रेकचे खाणे आणि मोटारीचे खाणे एकाच पिशवीत भरले जाते, आणि ज्याला ऊर्जेची गरज नाही तोच कंटाळा घालवायला सतत खात राहतो. मोटारीच्या प्रवासाला फळे, काकडी, कुरमुरे, फुटाणे असे हलके खाणे जास्त असावे. चालायच्या प्रवासाला दाणे, तीळ, सुके खोबरे, खारीक, गूळ असे दाट खाणे.

फुटाण्यांना जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तेल अगदी थोडे, शिवाय भरपूर चोथा. ते वितळत नाहीत, चेपत नाहीत, हात चिकट करत नाहीत. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे धान्यांत सर्वांत वर. नाचणीचे लाडू किंवा नाचणीची कोरडी बिस्किटे मुलांच्या डब्यात शोभतात. राजगिऱ्याच्या वडीत दाण्याइतकी प्रथिने नसली तरी ती हलकी आणि पचायला सोपी. कोकणातून येताना आंबापोळी, फणसपोळी आणि भाजलेले काजू आणायची रीत आहे; आंबापोळी आणि फणसपोळी म्हणजे फळाचा गर उन्हात वाळवून टिकवलेली साखरच, म्हणून तुकडा-दोन तुकडेच खावेत. वसईची सुकेळी मात्र चालणाऱ्यांसाठी उत्तम. राजेळी केळी सोलून, वाळवून केलेली ही सुकेळी ताज्या केळ्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस राहतात आणि पिशवीत चिरडत नाहीत.

याउलट दुकानातल्या पाकिटांचा विचार करावा. बटाट्याच्या वेफर्समध्ये वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश तेल असते. वर मीठ असते आणि मीठ तहान वाढवते, म्हणजे जिथे पाणी जपून प्यायचे तिथेच जास्त पाणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे. वेफर्स, शेव, लोणचे आणि मसाला शेंगदाणे एकाच प्रवासात संपवले तर ती मर्यादा दुपारपर्यंत ओलांडली जाते. क्रीमची बिस्किटे मैदा आणि साखर यांच्यापलीकडे फारसे काही देत नाहीत. लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा यात मधे बसतो. भाजक्या पोह्यांचा, दाणे-डाळे जास्त घातलेला आणि तेल बेताचे असलेला चिवडा बरोबर न्यावा. तळलेल्या पोह्यांचा आणि साखर पेरलेला घरी खायला ठेवावा. हा चिवडा एका मोठ्या पिशवीत नेऊ नये. जुलैच्या हवेत पिशवी उघडल्यापासून तासाभरात तो मऊ पडतो. माणशी एक छोटी पुडी बांधली तर शेवटची पुडीही कुरकुरीत राहते आणि कोणी किती खाल्ले याचाही अंदाज येतो.

मांसाहारी घरांत सुक्या जवळ्याची किंवा सुकटीची चटणी शिदोरीत असते. जवळा निवडून, खरपूस भाजून, लसूण आणि लाल तिखटाबरोबर कुटलेली ही चटणी प्रथिनांनी समृद्ध असते आणि भाकरीचा घास पुढे सरकवते. त्यात कांदा आणि ओले खोबरे नसेल तर ती दोन दिवस चालते. आमसूल घातले तर आंबटपणा टिकायला थोडी मदत करतो. बंद वातानुकूलित गाडीत तिचा वास कोंडतो, एवढे सहप्रवाशांसाठी लक्षात ठेवावे आणि डबा गाडीबाहेर उघडावा. उकडलेली अंडी नेता येतात, पण ती कवचासकट न्यावीत आणि पहिल्या थांब्यालाच संपवावीत. पनीर, मेयोनीजचे सँडविच, कापलेला कोंबडीचा तुकडा हे पदार्थ बर्फाच्या पेटीशिवाय नेऊ नयेत.

या सगळ्याची मांडणी तासांनुसार करणे सर्वांत सोपे. लोअर परळहून रात्री निघून सकाळी रत्नागिरीला पोहोचणाऱ्या कुटुंबाने पहिल्या दोन-तीन तासांत पोळी आणि कोरडी भाजी संपवावी: भेंडी, तोंडली, किंवा खोबरे न घातलेली फरसबी. बटाट्याची सुकी भाजी चालेल, पण ती पूर्ण निवल्यावर बांधलेली असावी. पेणच्या पुढे गेल्यावर उघडायचा तो दशमी आणि चटणीचा डबा. पहाटेसाठी फळे: संत्री, मोसंबी, पेरू, वेलची केळी, सगळी सालीसकट. फळ कापले की त्याचा रस मोकळा होतो आणि जंतूंना घर मिळते. म्हणून घरून कापून नेलेली कलिंगडाची फोड किंवा फळांचा डबा हा शिदोरीचा दुबळा भाग. गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळ, कोलाड, माणगाव इथे वाहनांच्या रांगा लागल्या की दहा तासांचा प्रवास सोळा-अठरा तासांवर जातो. तेवढ्यासाठी एक राखीव पुडी वेगळी ठेवावी. त्यात फुटाणे, चिक्की, खारीक, राजगिरा वडी असावी, आणि गाडी खरोखर अडकल्याशिवाय ती सोडू नये. गडावर जाणाऱ्यांनी तर ही राखीव पुडी पिशवीच्या तळाशी ठेवावी आणि अडचण आल्याशिवाय घरी परतेपर्यंत उघडूच नये. वाट चुकणे, पाय मुरगळणे, पावसात ओढा अडवणे या गोष्टी सह्याद्रीत नेहमी घडतात, आणि मदत येईपर्यंतचा वेळ तिच्यावर काढायचा असतो.

गाडी चालवणाऱ्याचे खाणे निराळे असायला हवे. पोटभर तळलेले किंवा गोड जेवण झाले की तासा-दीड तासात डोळे जड होतात, आणि रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ तसाही झोपेचा. चालकाने दर दोन तासांनी थांबून थोडे थोडे खावे, पाणी प्यावे, पाच मिनिटे चालावे. एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हातात चाक हे धोक्याचे आहे. झोप आलीच तर त्यावर उपाय झोप हाच. कॉफी आणि चण्यांनी ती फार काळ मागे हटत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नये. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा चिक्कीचे कडक तुकडे चालत्या गाडीत देऊ नयेत. गचका बसला की दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो आणि घाटरस्त्यावर काही मिनिटांत काय होईल सांगता येत नाही. हेच दाणे कुटून लाडवात दिले तर धोका टळतो. म्हाताऱ्या माणसांच्या दातांनाही चिक्की कठीण जाते. त्यांच्यासाठी सातूचे पीठ. गहू आणि डाळे भाजून, त्यात वेलची किंवा जिरे घालून दळलेले हे पीठ पाण्यात किंवा दुधात गुळाबरोबर कालवले की दोन मिनिटांत पोटभरीचे होते आणि चुलीची गरज लागत नाही. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे शाळेची सहल किंवा मोठा गट असेल तर आधीच विचारून घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा हुकवू नयेत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना प्रवास लांबला तर साखर एकदम खाली जाते, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवावे. फुटाणे आणि दाणे साखर हळू वाढवतात, त्या क्षणी ते उपयोगी पडत नाहीत.

बोट लागणे हा शब्द कोकणच्या बोटींबरोबर मागे पडला, पण गाडी लागणे अजून आहे. परशुराम घाट किंवा माळशेजची वळणे सुरू होण्याआधी रिकाम्या पोटी बसू नये आणि फार भरल्या पोटीही बसू नये. दोन कोरडी बिस्किटे किंवा थोडे कुरमुरे पोटात असावेत. आल्याने मळमळ कमी होते हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. म्हणून आलेपाकाच्या वड्या नुसत्या चवीसाठी नसतात. आमसूल चघळल्याने तोंडाला बरे वाटते.

पाण्याबद्दल बेफिकिरी जास्त दिसते. उन्हाळ्यात सह्याद्रीत चालणाऱ्याने माणशी निदान तीन लिटर पाणी न्यावे. गडावरची टाकी मार्चनंतर आटतात किंवा हिरवी होतात, आणि पावसाळ्यातला धबधबा कितीही स्वच्छ दिसला तरी वरच्या पठारावर गुरे चरत असतात. असे पाणी खळखळ उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून मगच प्यावे. घामातून मीठही जाते. कोकमाच्या आगळात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून केलेले सरबत हा कोकणी घरांचा चांगला उपाय. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर मात्र सरबताऐवजी जलसंजीवनी द्यावी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून तयार पाकिटेच बरोबर असलेली उत्तम. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावे, अर्धे अर्धे नाही. ताक घरून नेऊ नये. दुपारपर्यंत ते आंबते.

पिशवी भरण्याआधी सगळे पदार्थ पूर्ण थंड झालेले हवेत. गरम पोळी डब्यात कोंबली की वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पोळीवर गळते आणि दशमीचा सगळा उद्योग वाया जातो. पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. फडके वाफ शोषते. वर्तमानपत्रात खाणे बांधू नये. छपाईच्या शाईतली रसायने अन्नात उतरतात, आणि भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात अन्न बांधायला आणि वाढायला मनाई केली आहे. ॲल्युमिनियमच्या कागदात चिंच, लिंबू किंवा लोणचे लागलेले खाणे ठेवू नये. केळीचे पान विस्तवावर किंचित शेकले की मऊ होते आणि फाटत नाही. भाकरी-चटणीसाठी त्याच्याइतके स्वच्छ वेष्टन दुसरे नाही, फक्त ते वापरायच्या दिवशीच आणावे. महाराष्ट्रात २०१८पासून पातळ पिशव्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशव्या आणि स्टीलचे पेले न्यायची सवय आता असायलाच हवी. दाण्याचे कूट अख्ख्या दाण्यांपेक्षा लवकर खवट होते, कारण तेलाला हवा जास्त लागते. लाडू निघायच्या आदल्या दिवशी वळावेत. ते वळताना हात धुतलेले, कोरडे आणि जखम नसलेले हवेत. कडवट किंवा कुबट लागणारा दाणा थुंकून टाकावा. तो बुरशीचा असू शकतो आणि तिचे विष भाजूनही पुरते जात नाही.

तंबूबाहेर चुलीवर किंवा छोट्या गॅसवर काही करायचे असेल तर पातळ पोहे, मेतकूट आणि कुळथाचे पीठ ही त्रयी पुरते. पोहे भिजवून त्यात मेतकूट, दाणे, कच्चे तेल आणि तिखट घातले की विस्तवाशिवाय न्याहारी होते. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. पिठात पाणी, लसूण, तिखट आणि आमसूल घालून दहा मिनिटांत पिठी तयार होते, आणि रात्रीच्या गारव्यात ती शरीराला ऊब देते. मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात चुलीसाठी लाकडे तोडून जाळ करणे गुन्हा आहे, शिवाय वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. पण घरून सगळेच न्यायचा हट्टही नको. गडाच्या पायथ्याच्या गावांत भाकरी, पिठले आणि ठेचा घरगुती दरात मिळतो, त्यातून त्या घरांना चार पैसे मिळतात आणि पाठीवरचे दोन किलो कमी होतात. पवना धरणाजवळच्या तंबूवाल्यांकडे जेवण बहुधा दरात धरलेलेच असते. तिथे फक्त मधल्या वेळचे खाणे पुरते.

माकडांना खाऊ घालू नये. माथेरानला आणि अनेक गडांवर माकडे प्लास्टिक पिशवीचा आवाज ओळखतात आणि हातातून डबा हिसकावतात. चावा बसला तर रेबीजची लस घ्यावी लागते. खाणे झाकणाच्या डब्यात, पिशवीच्या आत आणि तंबूत झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे, कारण खाण्याच्या वासाने उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतो. संत्र्याची साल, केळ्याची साल आणि अंड्याची कवचेही परत आणावीत. ती कुजायला महिने लागतात, आणि तोवर गडावरची जागा उकिरडा दिसते.

घरी आल्यावर उरलेले खाणे त्याच रात्री निवडावे. पोळी, थालीपीठ, भाजी आणि पिशवीत तापलेले लाडू टाकून द्यावेत. न उघडलेले फुटाणे, चिक्की आणि राखीव पुडी पुढच्या वेळेला चालते, तिच्यावर तारीख लिहून ठेवावी आणि दोन महिन्यांनी बदलावी. डबे घासून, झाकणाच्या रबराखालचा ओलावा पुसून, उन्हात पूर्ण वाळल्यावरच बंद करावेत.